जुनी गिटार विकताना : दोष सांगण्याची जबाबदारी

घरातील जुनी वस्तू विकणे ही आता नित्याची बाब झाली आहे. मुलगा उंच झाला की त्याची सायकल जाते, नवा फोन आला की जुना जातो, बदलीचे पत्र आले की कपाट आणि पलंग जातात. गंमत अशी की या विक्रीला आपण व्यापार समजत नाही. मापात खोट करणाऱ्या दुकानदारावर संतापणारा गृहस्थ स्वतःचे कपाट विकताना स्वतःला दुकानदार मानीतच नाही. शरीअतच्या दृष्टीने मात्र आयुष्यात एकदाच एखादी वस्तू विकणारा माणूसही त्या घटकेपुरता विक्रेता असतो, आणि विक्रेत्याची सारी बंधने त्याला लागू होतात. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांच्या नाशाची वार्ता आहे, ते घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना कमी देणारे लोक आहेत. त्या आयतींत दुकानाच्या पाटीची अट कोठेही घातलेली नाही.

या लेखात आपण एकच उदाहरण घेऊन दोषाचा विषय समजून घेऊ. घरात पडून असलेली, वापरलेली एक गिटार आहे. तिचा आवाज उत्तम आहे. मात्र पुढच्या फळीवर नखांचे व पट्टीचे ओरखडे उमटले आहेत, पाठीवर पट्ट्याच्या बकलाने घासलेला फिकट डाग आहे, आणि कडेला एकदा टेबलावर आपटल्याचा लहानसा खळगा आहे. वाजवण्यात यांपैकी कशानेही तिळमात्र फरक पडत नाही. मग हे सारे खरेदीदाराला सांगणे बंधनकारक आहे काय?

गिटारचेच उदाहरण का, असे कोणी विचारील. कारण या वस्तूत रूप आणि काम यांतील अंतर अगदी स्पष्ट दिसते. फाटलेला कपडा वापरात उणा पडतो, खरवडलेल्या भांड्यात अन्न करपते. पण ओरखडलेली गिटार नव्या गिटारइतकीच वाजते. म्हणून ‘दोष कशाला म्हणावे’ या प्रश्नाची खरी कसोटी येथे लागते.

त्याआधी एका शंकेचे निरसन करणे अगत्याचे आहे. तंतुवाद्यांविषयी आपल्या विद्वानांत मतभेद आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. चारही मजहबांतील बहुसंख्य फकीह ती वर्ज्य मानतात, अंदलुसचे इमाम इब्ने हज्म (रह.) यांनी निषेधाच्या हदीसींच्या सनदींवर आक्षेप घेऊन ती मुबाह ठरवली होती. विक्रीच्या बाबतीतही हनफी मजहबात दोन मते नोंदलेली आहेत. ‘हिदाया’ या ग्रंथानुसार इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते एखाद्या मुसलमानाचे वाद्य मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते आणि अशा वस्तूची विक्री वैध ठरते. त्यांचे दोन्ही शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), यांना हे मान्य नाही, आणि फतवा या शिष्यांच्या मतावर दिला जातो. ज्याचे मन ज्या विद्वानांच्या मतावर स्थिर आहे, त्याने त्यानुसार वागावे. वाद्य निषिद्ध मानणाऱ्याला ते विकून पैसे घेण्याचा मार्ग उरत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे ओळखावे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. दोषाचा नियम गिटारला जसा लागू होतो तसाच शिलाई यंत्राला, स्कूटरला आणि दिवाणखान्यातील कपाटालाही होतो.

दोष म्हणजे काय?

दोषाला फिक्हच्या परिभाषेत ‘ऐब’ म्हणतात. सहाव्या हिजरी शतकातील इमाम मर्गीनानी (रह.) यांनी ‘हिदाया’त त्याची कसोटी सांगितली आहे ती अशी की, व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत घटते ती गोष्ट म्हणजे ऐब. उस्मानी राजवटीत 1876 साली पूर्ण झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेनेही हीच कसोटी स्वीकारली आणि जाणकारांच्या मताला निर्णायक मानले. वस्तू काम देते की नाही, असे येथे विचारलेले नाही. जाणकार बाजारात तिची किंमत कमी होते का, एवढाच प्रश्न आहे. आता एकाच बनावटीच्या दोन गिटारी शेजारी ठेवा, एक निष्कलंक आणि दुसरी खळगा पडलेली. दोन्हींचा आवाज सारखाच असला तरी कोणताही वाद्यविक्रेता दोन्हींना एक भाव देणार नाही. म्हणजेच तो खळगा ऐब आहे. ‘आवाजाला काही होत नाही’ हे विधान सत्य असूनही गैरलागू ठरते.

शाफई फकीहांनी या व्याख्येला एक मौलिक जोड दिली आहे. इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाज’मध्ये म्हटल्याचा आशय असा : ज्या उणिवेमुळे वस्तूत किंवा तिच्या मोलात घट येते आणि खरेदीदाराचा रास्त हेतू हुकतो ती उणीव दोष होय, परंतु त्या प्रकारच्या वस्तूंत ती उणीव सहसा नसते अशी स्थिती असली पाहिजे. हा शेवटचा भाग जुन्या वस्तूंच्या विक्रीत फार उपयोगी पडतो. चार वर्षे वाजवलेल्या गिटारच्या तारांखाली फळीवर बारीक रेघा असतातच. त्या प्रकारच्या वस्तूंत त्या नसणे हेच विरळ. तेव्हा ‘वापरलेली’ या एका शब्दाने एवढी झीज खरेदीदाराला कळते, आणि प्रत्येक रेघ मोजून दाखवण्याची सक्ती विक्रेत्यावर येत नाही.

मात्र या शब्दाला त्याच्या वकुबाहून अधिक ओझे वाहायला लावू नये. ‘वापरलेली’ म्हटल्याने नेहमीची झीज झाकली जाते. आपटल्याचा खळगा, उन्हात एका बाजूने उडालेला रंग, जुन्या चिकटपट्टीने सोललेले पॉलिश झाकले जात नाही. हे प्रत्येक वापरलेल्या गिटारीत असत नाही. ते निराळे सांगावेच लागते.

नुसते रूप की रूपाआडचे दुखणे?

विक्रेत्याला स्वतःला दोषाची जात कळली पाहिजे, नाहीतर तो अजाणता चुकीचे सांगून बसेल. पॉलिशमध्ये दिसणारी केसासारखी रेघ दोन प्रकारची असू शकते. तापमान झपाट्याने बदलले की वरचा लेप तडकतो आणि लाकूड शाबूत राहते. ही रूपाची उणीव झाली. पण तीच रेघ लाकडातून आरपार गेलेली असेल तर गोष्ट गंभीर आहे. अंधाऱ्या खोलीत गिटारच्या पोटात विजेरीचा उजेड सोडून बाहेरून पाहावे; रेघेतून प्रकाश झिरपला तर लाकूड चिरले आहे. मात्र प्रकाश दिसला नाही म्हणून लाकूड शाबूतच आहे, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही; शंका असल्यास ती दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी.

मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. हवेतील दमटपणा लाकूड शोषून घेते, पुढची फळी पोट सुटल्यासारखी किंचित फुगते, तारा मानेपासून उंच उचलल्या जातात आणि नवशिक्याची बोटे दुखू लागतात. ज्या पट्टीवर तारांची टोके अडकवलेली असतात ती पट्टी फळीपासून सुटू लागली असेल, तर तिच्या मागील फटीत कागदाचा कपटा शिरतो. मान वाकली असेल, तर एका टोकाकडून डोळा लावून पाहिल्यास ती धनुष्यासारखी दिसते. अशा गिटारला ‘थोडे ओरखडे आहेत, बाकी उत्तम’ म्हणणे म्हणजे लहान दोष सांगून मोठा लपवणे होय. हा प्रकार मौनापेक्षाही वाईट, कारण लहानशी कबुली ऐकून खरेदीदाराचा विश्वास बसतो आणि तो अधिक तपासणी करीत नाही.

वर कोरडे, आत ओले

सहीह मुस्लिममधील प्रसंग सर्वश्रुत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि त्यांच्या बोटांना ओल लागली. विचारणा केली तेव्हा मालकाने पावसाचे कारण सांगितले. ते कारण खोटे होते असे प्रेषितांनी (स.) म्हटले नाही. लोकांना दिसावे म्हणून ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि जो फसवतो तो आपल्यापैकी नाही, असे बजावले.

या हदीसीतील एक बारकावा आपल्या नजरेतून निसटतो. त्या माणसाने तोंडाने एकही असत्य उच्चारले नव्हते. त्याने फक्त मांडणी केली होती, कोरडे वर आणि ओले खाली. आजची मांडणी छायाचित्रांतून होते. खळगा असलेली बाजू भिंतीकडे वळवून काढलेले छायाचित्र, डाग पडलेल्या पाठीवरून प्रकाश चुकवून घेतलेला कोन, ओरखड्यात चोळलेले बुटाचे पॉलिश, खळग्यावर हौसेने लावल्यासारखा दिसणारा चित्राचा स्टिकर, हे सारे त्याच राशीचे वंशज होत. दूध तुंबवून जनावर दुभते भासवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, तेव्हाही विक्रेता काही बोललेला नसतो, बोलते ती जनावराची कास. स्टिकर लावणे पाप नाही आणि पॉलिश करणेही नाही. दुरुस्ती करून वस्तू नीटनेटकी करणे चांगलेच. परंतु ती दुरुस्ती किंवा सजावट खरेदीदाराच्या डोळ्यांपुढून काही हटवण्यासाठी असेल, तर तिचे नाव बदलते.

छायाचित्र पाहून घेतलेल्या वस्तूबाबत आणखी एक तरतूद ध्यानात असावी. हनफी फिक्हमध्ये न पाहता वस्तू घेणाऱ्याला ती प्रत्यक्ष पाहिल्यावर व्यवहार सोडून देण्याचा अधिकार असतो. त्यासाठी दोष सापडण्याचीही गरज नाही. शाफई मजहब तर न पाहिलेल्या वस्तूच्या विक्रीबाबत याहून कडक आहे. तेव्हा घरी येऊन गिटार हातात घेतल्यावर कोणी नको म्हणाला, तर ‘आधी हो म्हणाला होतास’ म्हणून त्याच्यावर चिडणे उचित नव्हे.

घोडा आणि उंटीण

भारतीय करार अधिनियम, 1872 मधील सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या असून, केवळ मौन ही फसवणूक नव्हे, असे सामान्य तत्त्व तेथे सांगितले आहे. सोबतचे पहिले उदाहरण घोड्याचे आहे. घोडा सदोष आहे हे मालकाला माहीत आहे, तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नाही. बोलण्याचे कर्तव्यच असेल तेव्हा मात्र मौनही फसवणूक ठरू शकते, असेही कलम म्हणते. कायद्याला आपली मर्यादा असते, आणि तो गुन्हा-भरपाईच्या दृष्टीने बोलतो, हे समजण्यासारखे आहे.

आता यासमोर मुस्नद अहमदमधील एक वृत्तान्त ठेवू. एका व्यक्तीने हजरत वासिला बिन असकअ (रजि.) यांच्या घरातून एक उंटीण विकत घेतली. तो निघाला असता हजरत वासिला (रजि.) वस्त्र ओढीत घाईघाईने त्याच्यामागे आले. तिच्यात काय उणीव आहे ते तुला सांगितले का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, उणीव कसली, ती तर धष्टपुष्ट दिसते. त्यावर त्यांनी विचारले, ही तुला प्रवासासाठी हवी आहे की मांसासाठी? हजला जायचे आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी तिच्या पायाच्या तळव्याला भोक पडल्याचे सांगून टाकले. विक्रेता नाराज झाला. माझा सौदा मोडता काय, असे म्हणू लागला. तेव्हा हजरत वासिला (रजि.) यांनी प्रेषितांचा (स.) आदेश ऐकवला. वस्तूतील दोष सांगितल्याविना ती विकणे कोणास वैध नाही, आणि ज्याला तो दोष माहीत आहे त्याने तो न सांगणेही वैध नाही, असा त्याचा आशय आहे.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे सांगण्याची जबाबदारी केवळ मालकावर नाही. मुलगा गिटार विकत असताना दाराशी उभ्या असलेल्या वडिलांना तो खळगा माहीत असेल, तर त्यांचे मौनही मौनच आहे. दुसरी गोष्ट त्या प्रश्नात आहे. प्रवासासाठी की मांसासाठी? हेतू बदलला की दोषाचे वजन बदलते. शिकण्यासाठी घेणाऱ्याला पाठीवरचा डाग क्षुल्लक वाटेल, पण मान वाकलेली असेल तर त्याचे सारे शिक्षण खुंटेल. दिवाणखान्यात टांगण्यासाठी घेणाऱ्याची स्थिती नेमकी उलटी, त्याला रूपच हवे आहे. म्हणून ‘कशासाठी घेत आहात?’ असे विचारणे ही निव्वळ चौकशी नव्हे. दोष नीट सांगण्याची ती पहिली पायरी आहे.

खरेदीदार कोणत्या धर्माचा आहे याने यात काही फरक पडत नाही. आपल्या गावांत आणि शहरांत वस्तू घ्यायला येणारा बहुधा मुस्लिमेतर बांधवच असतो. आपल्या गटाबाहेरच्या लोकांबाबत आपल्यावर काही बंधन नाही, असे मानून त्यांच्या ठेवी बुडवणाऱ्यांचा कुरआनने सूरह आले-इमरानमध्ये (आयत 75) निषेध केला आहे. तो निषेध वाचून आपण दुसऱ्या समाजांकडे बोट दाखवतो. ते बोट आपल्या दारावरील सौद्याकडे वळवले तर अधिक बरे.

‘जशी आहे तशी’

अनेक जण म्हणतात, आम्ही आधीच सांगतो की वस्तू जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. फिक्हमध्ये याला दोषांपासून मुक्ततेची अट म्हणतात. हनफी मजहबात ही अट वैध आहे. शाफई मजहबात तिची व्याप्ती अतिशय तोकडी आहे; विक्रेत्याला ठाऊक नसलेला, जनावराच्या शरीरातील गुप्त दोष एवढ्यापुरतीच ती लागू होते. कोकणातील आपले बांधव बहुतांशी शाफई आणि देशावरील बहुतांशी हनफी असल्याने हा भेद महाराष्ट्रात प्रत्यक्ष समोर येऊ शकतो.

पण ठाऊक असलेला दोष या अटीआड लपवणे कसे आहे, हे इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’तील एका निवाड्यावरून कळते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी, त्या काळच्या प्रथेनुसार, आपला एक गुलाम 800 दिरहमला विकला होता, आणि तोही दोषमुक्ततेच्या अटीवर. खरेदीदाराने आजाराची तक्रार केली. प्रकरण खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे गेले. विकताना कोणताही आजार मला माहीत नव्हता अशी शपथ घ्या, असा निर्णय त्यांनी दिला. हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी शपथ घेण्याचे नाकारले आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि त्यांनी त्याला 1500 दिरहमला विकले. अट लिहिलेली असूनही खलीफांनी प्रश्न विचारला तो माहितीचाच.

खरेदीदाराचे माप

आतापर्यंत विक्रेत्याला धारेवर धरले, पण तराजूला दुसरे पारडेही असते. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या लोकांना दिलेल्या उपदेशात माप पूर्ण देण्यासोबत लोकांच्या वस्तूंचे मोल कमी करू नका, असेही सांगितले आहे (सूरह अल-आराफ, आयत 85). प्रामाणिक विक्रेता स्वतः खळगा दाखवतो, आणि लगेच घेणारा तोंड वाकडे करून ‘ही तर गेलीच’ म्हणत निम्म्यावर उतरतो. मनातून त्याला ठाऊक असते की आवाज उत्तम आहे, वस्तू मोलाची आहे. असे वारंवार घडले की सांगणाऱ्याची जीभ पुढच्या वेळी आखडते. प्रामाणिकपणाला दंड ठोठावणारा खरेदीदार बाजाराचे दुहेरी नुकसान करतो. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची बैअत प्रेषितांच्या (स.) हातावर घेणारे हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याविषयी इमाम तबरानी यांनी नोंदवले आहे की, त्यांच्या माणसाने 300 दिरहमला ठरवलेला घोडा अधिक मोलाचा आहे असे पाहून, त्यांनी स्वतःच विक्रेत्यापुढे किंमत वाढवत 800 पर्यंत नेली. एवढी उंची आपल्याला गाठता येणार नाही. निदान ओरखड्याला भगदाड म्हणू नये.

विक्रेत्यानेही घासाघिशीत ‘कालच एक जण पाच हजार देत होता’ हे वाक्य टाळावे, जर तसे कोणी आलेच नसेल. असरनंतर खोटी शपथ घेऊन, मला या मालाचे इतके मिळत होते, असे सांगणाऱ्याविषयी सहीह बुखारीत जी कठोर ताकीद आली आहे, ती ऐकून हे वाक्य सहजासहजी ओठांवर येऊ नये.

सौदा झाल्यावर

शक्य असेल तेथे दोष लेखी सांगावेत. प्रेषितांच्या (स.) काळात हजरत अद्दाअ बिन खालिद (रजि.) यांच्यासोबत झालेल्या व्यवहाराचा लेख हदीसग्रंथांत आला असून, मालात व्याधी नाही, लबाडी नाही, अशी ग्वाही त्यात नमूद होती. आज त्यासाठी कागद-शाईही लागत नाही. ‘कडेला खळगा आहे, पाठीवर डाग आहे, मान सरळ आहे, तारा जुन्या आहेत, बदलाव्या लागतील’ एवढा संदेश आणि त्या खळग्याचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवले की पुढचे अनेक वाद मिटतात. ज्या दोषाची कल्पना देऊन वस्तू विकली, त्या दोषापोटी ती परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला राहत नाही. म्हणजे सांगण्याने संरक्षण विक्रेत्याचेही होते.

न सांगितलेला जुना दोष नंतर निघाला तर काय? विक्रेत्याला तो खरोखर माहीत नसेल तर त्याच्यावर पाप नाही, परंतु खरेदीदाराचा हक्क कायम राहतो. हनफी मतानुसार त्याने वस्तू ठरल्या किमतीत ठेवावी किंवा परत करून सारे पैसे घ्यावेत. वस्तू ठेवून किंमत कमी करा, असा आग्रह तो एकतर्फी धरू शकत नाही. दोघांनी आपखुशीने काही रक्कम ठरवली तर प्रश्नच मिटला. दरम्यान त्याच्याकडे गिटार पडून नवी चीर गेली असेल, तर विक्रेत्यावर ती परत लादता येत नाही. जुन्या दोषामुळे किमतीत जेवढी घट येते तेवढी भरपाई मात्र मागता येते. तशीच मोडकी वस्तू परत घ्यायला विक्रेता स्वतः राजी असेल, तर ती गोष्ट वेगळी.

दोष कळल्यावरही खरेदीदार ती रोज वाजवीत राहिला, तर त्याने दोष मान्य केला असे धरले जाते आणि त्याचा परतीचा हक्क संपतो. फकीहांनी येथे जनावराचे उदाहरण दिले आहे : दोष कळल्यावर स्वतःच्या कामासाठी त्यावर स्वार होणे ही संमती, पण ते परत करण्यासाठी किंवा पाण्यावर नेण्यासाठी स्वार होणे ही संमती नव्हे. त्याच न्यायाने, चीर किती खोल आहे हे पाहण्यासाठी गिटार दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली आणि त्याने तारा छेडून पाहिल्या, तर एवढ्याने परतीचा हक्क जाऊ नये.